देवांच्या गावाची पाटी

विट्याच्या आगारात, खिडकी नंबर दोनवर
मी पास काढून देते शाळेच्या पोरांना,
आणि जुन्या ट्रिपशीटच्या कोऱ्या पाठीवर
एक नगरी लिहिते, देवांची.
तटबंदी झाली. सात दरवाजे झाले.
सातव्यावर पहाऱ्याला आंधळा मोर बसवला.
नाव तेवढं राहिलंय.

हिरण्यप्रभा लिहिलं, खोडलं.
त्या नावाचं मंगल कार्यालय आहे,
एसी हॉल, भांडी आपापली.
अमृतलोक : पतसंस्था. ठेवीदार अजून फेऱ्या घालतायत.
इंद्रवन : सांगलीत, विश्रामबागला, चार मजली, लिफ्ट बंद.
अलकनगरी मोठ्यानं म्हणून बघितलं
तर शेजारच्या खिडकीतली शोभना म्हणाली,
साड्यांचं दुकान काढतेस का गं?
देवांच्या तोंडची सगळी नावं
आधीच कुणीतरी भाड्यानं नेलेली.

निदान कळस तरी सोन्याचे, म्हणून
हणमंत भाऊजींना विचारायला गेले.
तीस वर्षं कोइमतूरला गलाई केली त्यांनी,
दुसऱ्यांचं सोनं गाळलं.
बराच वेळ नखं बघत बसले, मग म्हणाले,
"कळस सोन्याचे, बरं. गाळणार कोण?
तिथं एक गल्ली लागेल धुराची.
खोकणारी माणसं लागतील.
त्या गल्लीला काय म्हणतेस?"

त्या रात्री आठवा दरवाजा लिहिला.
बारका. मागच्या अंगाला.

रसूल मुजावर गाड्यांच्या पाट्या रंगवतो.
ब्रश दातात धरून बोलतो, म्हणून
त्याचं निम्मं बोलणं टर्पेंटाइनचं असतं.
"ताई, गावाचं नाव गाव ठेवत नाही.
आतला माणूस घरी जातो म्हणतो, संपलं.
नाव लागतं बाहेरच्याला.
देवांना कुठं जायचंय?
नाव ठेवणार तो, जो अजून पोचला नाही."
मग हसला. "तशीही नावं ठेवायला बाहेरचेच असतात.
आणि पाच अक्षरांच्या पुढं जाऊ नका, पाटीत मावत नाही.
जोडाक्षर तर नकोच.
पळत येणाऱ्याला वाचता आलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पासांवर शिक्के मारताना
पहिल्यांदा नीट वाचलं :
पारे. भूड. मोही. देविखिंडी.
चिखलहोळ!
आमच्या या कोरड्या माळावर
कुणाचा तरी पाय कधीकाळी रुतला असेल,
तो आनंद अजून पाटीवर आहे.

इथं पाणी खालून वर चढवावं लागतं,
पंपानं, टप्प्याटप्प्यानं, आणि बिल थकलं की थांबतं.
टँकरच्या रांगेत आईनं घागर ठेवून
माझ्या वेण्या घातल्यात.
ज्या गावात पाणी आपलं आपण
वरून उतरत असेल,
कुणाला न विचारता,
ते देवांचं नाही तर कुणाचं?

वरलंपाणी.

रसूलनं बोटांवर मोजलं.
पाच.
"मावतंय," म्हणाला, आणि ब्रश परत दातात धरला.

संध्याकाळी मुक्कामाची गाडी लागली तेव्हा
वाघमोडे मास्तरांना म्हटलं,
एकदा ओरडून बघा ना, नुसतं माझ्यासाठी.
त्यांनी तिकिटाचं मशीन काखेत मारलं,
दाराच्या दांड्याला लोंबकळून, सवयीच्या सुरात,
"वरलंपाणी वरलंपाणी वरलंपाणीऽऽ"
पत्र्याला लागून आवाज परत आला.

हे नाव देवांना शोभेल का,
मला अजून कळत नाही.
पण तीन नंबरच्या फलाटावरून
एक बाई लगबगीनं उठली,
कडेवर झोपलेलं पोर,
हातात मूठ बसवून आणलेला कुकर,
आणि विचारू लागली,
"फाट्यावर थांबती का हो ही?"